सिनेमाचा शोध नक्की कोणी लावला? एडिसन, ल्युमिएर की ट्रेनमधून गायब झालेला तो माणूस

दरवर्षी २८ डिसेंबर आला की मोबाइलवर 'आज सिनेमाचा वाढदिवस' असे मेसेज फिरायला लागतात, ल्युमिएर बंधूंचा मिश्यावाला फोटो, पॅरिसचा पहिला शो वगैरे, आणि तासाभरात कोणीतरी खाली लिहितंच की अहो, शोध तर एडिसनचा. मग तिसरा येतो, त्याच्याकडे व्हिडिओ असतो, की खरा शोध लावणारा माणूस ट्रेनमध्ये बसला आणि पुन्हा कोणाला दिसलाच नाही, आता कोणी केलं असेल ते तुम्हीच ओळखा. तिघंही ठाम. आणि गंमत म्हणजे तिघांच्याही बोलण्यात थोडं थोडं तथ्य आहे.

हे भांडण सव्वाशे वर्षांहून जुनं आहे, त्यावर अमेरिकेच्या कोर्टांत ढीगभर साक्षी झाल्यात, आणि तरी ते मिटत नाही याचं कारण साधं आहे, 'सिनेमाचा शोध' म्हणताना प्रत्येकजण वेगवेगळ्या वस्तूबद्दल बोलत असतो.

## आधी हे हलतं कसं ते बघू

शाळेत वहीच्या कोपऱ्यात काडीचा माणूस काढून पानं भराभर सोडायचो ना, तो पळायला लागायचा. सिनेमात यापेक्षा वेगळं काही होत नाही. पडद्यावर हलत काहीच नसतं, स्थिर फोटो एकामागून एक येतात आणि आपला मेंदू ते जोडून घेतो. ल्युमिएरच्या मशीनमध्ये सेकंदाला साधारण १६ फोटो जायचे, पुढे बोलपटाच्या काळात २४ पक्के झाले.

आता हे करायचं तर काय काय लागेल बघा. एकाच जागेवरून सेकंदाला दहा-पंधरा फोटो काढणारा कॅमेरा लागेल. ते फोटो काचेवर काढून भागणार नाही, कारण सेकंदाला पंधरा काचा कोण बदलणार, म्हणजे गुंडाळता येईल अशी लांब पट्टी हवी. ती पट्टी नुसती सरसर पळून उपयोग नाही, प्रत्येक फोटोला क्षणभर थांबली पाहिजे आणि ती सरकत असताना उजेड बंद झाला पाहिजे, नाहीतर सगळं फरकाटलेलं दिसेल. आणि शेवटी हे सगळं मोठं करून पडद्यावर टाकायचं, शंभर लोकांना एकदम दिसेल इतक्या उजेडात.

यातलं ते सरकणं-थांबणं सगळ्यात अवघड. घरात जुनं शिलाई मशीन असेल तर सुईखाली वाकून बघा, खालचे दाते कापड एक टाका पुढे ढकलतात, खाली जातात, कापड थांबतं, सुई आत शिरते, पुन्हा दाते वर. लुई ल्युमिएरला आपल्या यंत्राची युक्ती या शिलाई मशीनवरूनच सुचली असं तो स्वतः सांगायचा.

म्हणजे चार-पाच वेगळी कामं झाली, आणि ती वेगवेगळ्या देशांतल्या वेगवेगळ्या माणसांनी, बरेचदा एकमेकांचं बघून, केलीत. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

## मग तो घोड्याचा फोटो?

तो एडवर्ड मायब्रिजचा. १८७८ चा जून महिना, कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोत लिलँड स्टॅनफर्ड नावाच्या रेल्वेवाल्या श्रीमंताचा घोड्यांचा फार्म. तिथे मायब्रिजने ट्रॅकच्या कडेला ओळीने १२ कॅमेरे लावले, ट्रॅकवर आडवे दोरे ताणले, घोडा पळाला की दोरा तुटायचा आणि एकेका कॅमेऱ्यातून फोटो निघायचा. घोड्याचे चारही पाय एका क्षणी हवेत असतात हे त्यातून कळलं. (स्टॅनफर्डने यावर मोठी पैज लावली होती ही कथा सगळे सांगतात, पुरावा काही नाही.)

पण हे बारा कॅमेरे आहेत, एक नाही, आणि घोड्याने दोरे तोडले तरच फोटो. पुढे तो हे पडद्यावर दाखवायचा तेव्हा काचेच्या चकतीवर फोटोंवरून रंगवलेली चित्रं असायची. श्रेय मोठंच, पण याला सिनेमा म्हणणं ओढूनताणून होईल. श्रेयाचा पहिला खटलाही इथेच झाला बरं का! स्टॅनफर्डने १८८२ साली त्या फोटोंवर पुस्तक काढलं, त्यात मायब्रिजला त्याच्या कामाचं श्रेय दिलं नाही, मायब्रिजने दावा लावला आणि तो हरला.

त्याच वर्षी फ्रान्समध्ये एतिएन-ज्युल मारेने बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा केला, उडणाऱ्या पक्ष्यावर नेम धरायचा, चाप ओढायचा, सेकंदाला १२ फोटो. मारे हा शरीरशास्त्रज्ञ, त्याला करमणुकीत काडीचा रस नव्हता, त्याला हालचाल थांबवून मोजायची होती. १८८८ पर्यंत तोही कागदी पट्टीवर आला. माझ्या मते या सगळ्यांत सर्वात कमी आवाज करून सर्वात जास्त देऊन गेलेला माणूस म्हणजे मारे, पण त्याच्या गोष्टीत ना खून ना खटला, त्यामुळे व्हिडिओ कोण बनवणार.

## लीड्समधली दोन सेकंद

आता तो ट्रेनवाला. लुई ल प्रिन्स, जन्म फ्रान्समधल्या मेत्झ शहरात १८४१ चा, लग्न करून इंग्लंडात लीड्सला स्थायिक, सासऱ्याचा तिथे कारखाना. याने आधी १६ भिंगांचा एक अवजड कॅमेरा केला, त्याचं अमेरिकन पेटंट जानेवारी १८८८ मध्ये मिळालं. मग एका भिंगाचा कॅमेरा केला, आणि कोडॅकवाल्या ईस्टमनची कागदी फिल्म घालून सासरच्या बागेत शूटिंग केलं. तारीख १४ ऑक्टोबर १८८८.

आज त्यातल्या २० फ्रेम उरल्यात, जेमतेम दोन सेकंद. चार माणसं बागेत फिरतायत. ल प्रिन्सचा मुलगा अडॉल्फ आहे, सासूबाई सारा व्हिटली आहेत, सासरे वळतात तेव्हा त्यांच्या लांब कोटाची शेपटं मागे उडताना दिसतात, आणि सगळे जरा विचित्रच चालतात, कारण त्यांना 'हला' म्हणून सांगितलं असणार आणि कॅमेऱ्यासमोर हलायचं म्हणजे काय करायचं हे तोवर जगात कोणालाच माहीत नव्हतं.

ही तारीख कशावरून खरी, असं कोणी विचारेल. तारीख मुलाने सांगितलेली आहे, पण एक धागा पक्का आहे. सासूबाई २४ ऑक्टोबर १८८८ ला वारल्या. त्या पडद्यावर चालताना दिसतायत म्हणजे शूटिंग त्याच्या आधीचंच. यावर वाद घालायला जागा उरत नाही.

मग अडलं कुठे? दाखवण्यात. कागद पारदर्शक नाही, प्रोजेक्टरमध्ये फाटतो, आणि सेल्युलॉइडची लांब पट्टी बाजारात यायला १८८९ उजाडलं. (त्या पट्टीवरही भांडण आहेच. न्यूअर्कचा एक पाद्री, हॅनिबल गुडविन, याने १८८७ मध्येच अर्ज टाकला होता, पेटंट हातात पडलं १८९८ मध्ये, १९०० च्या शेवटच्या दिवशी माणूस गेला, आणि पुढे १९१४ साली कोर्टाने ईस्टमनच्या कंपनीला त्याचा हक्क डावलल्याबद्दल जबाबदार धरलं, ५० लाख डॉलर मोजावे लागले.)

## एडिसननेच त्याचा काटा काढला का?

१६ सप्टेंबर १८९० रोजी ल प्रिन्स दिजाँला भावाकडून निघाला, पॅरिसच्या गाडीसाठी. त्यानंतर तो कोणाला दिसला नाही, सामानही सापडलं नाही. तो लवकरच न्यूयॉर्कला जाऊन जाहीर प्रयोग करणार होता, त्याची बायको लिझी तिथे वाट बघत होती. १८९७ साली त्याला कायद्याने मृत ठरवलं.

लिझीला शेवटपर्यंत एडिसनचा संशय होता. दुसरे म्हणतात कर्जापायी आत्महत्या, तिसरे म्हणतात भावानेच केलं. २००३ साली पॅरिस पोलिसांच्या जुन्या दफ्तरात १८९० मध्ये बुडून मेलेल्या एका माणसाचा फोटो मिळाला, चेहरा बराच मिळताजुळता, पण तोच हा असं खात्रीने कोणी म्हणू शकत नाही.

एडिसनविरुद्ध पुरावा म्हणाल तर शून्य. आणि जरा डोकं लावलं तर १८९० मध्ये एडिसनला ल प्रिन्सची इतकी भीती वाटायचं कारणही दिसत नाही, कारण तेव्हा या धंद्यात पैसा आहे असं स्वतः एडिसनलाच वाटत नव्हतं, ते पुढे येईलच. बाप गेला, मुलगाही असाच गेला, अडॉल्फ १९०१ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंडवर गोळी लागून मेलेला सापडला, त्यामुळे गोष्टीला आपोआप रहस्यकथेचा वास येतो. पण दोन मृत्यू जोडून एक गुन्हेगार तयार होत नाही.

## बरं, मग एडिसनने केलं काय?

ल प्रिन्सची ती बाग झाली १४ ऑक्टोबरला. त्यानंतर तीनच दिवसांनी, १७ ऑक्टोबर १८८८ ला, एडिसनने पेटंट ऑफिसात एक टाचण दाखल केलं, की फोनोग्राफ (आवाज नोंदवून पुन्हा ऐकवणारं त्याचं यंत्र) कानासाठी जे करतो ते डोळ्यासाठी करणारं यंत्र मी बनवतोय. 'बनवतोय' हं, बनवलं नव्हतं. आणि त्याची मूळ कल्पना ऐकाल तर हसाल, फोनोग्राफसारखाच एक सिलिंडर, त्यावर टिचभर सुद्धा नाही इतके बारीक हजारो फोटो चिकटवलेले, आणि बघायचं सूक्ष्मदर्शकातून. १८८९ साली तो पॅरिसच्या प्रदर्शनाला गेला, मारेला भेटला, मारेची पट्टी पाहिली, आणि परत आल्यावर त्याच्या टाचणातही पट्टी आली. योगायोग म्हणायचं असेल तर म्हणा.

प्रत्यक्ष काम केलं त्याच्या प्रयोगशाळेतल्या विल्यम डिक्सनने. ईस्टमनची ७० मिलिमीटरची फिल्म मधोमध कापली, झाली ३५ मिलिमीटर, कडेला प्रत्येक फ्रेममागे चार भोकं पाडली, दातेरी चाकात अडकवून ओढायला. पुढची शंभर वर्षं जगभर, आपल्या गावातल्या टुरिंग टॉकीजपर्यंत, फिल्म याच मापाची राहिली. माझं मत विचाराल तर या सगळ्या भानगडीत सगळ्यात कमी दाम मिळालेला माणूस हाच.

पेटंटचं सातबाऱ्यासारखं आहे बघा. उताऱ्यावर नाव एकाचं, शेत कसणारा दुसरा. डिक्सन कसत होता, नाव एडिसनचं लागलं, आणि पगारी नोकराने मालकाच्या जागेत मालकाच्या पैशावर केलेलं काम मालकाच्या नावावर जाणं तेव्हा रीतीला धरूनच होतं.

१४ एप्रिल १८९४ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर किनेटोस्कोपचं पहिलं दुकान उघडलं. किनेटोस्कोप म्हणजे लाकडी कपाटासारखी पेटी, वाकून वरच्या भोकातून डोळा लावायचा, आत फिल्म फिरते. एका वेळी एक माणूस. पडद्यावर का नाही? तर एडिसनचा हिशेब असा की पडद्यावर दाखवलं तर सगळं गाव एका मशीनवर बघून घेईल, मग पेट्या कोण घेणार. आणि युरोपात पेटंट घ्यायचाही खर्च त्याने केला नाही, त्यामुळे लंडनमध्ये रॉबर्ट पॉलने हुबेहूब पेट्या बनवून विकल्या, आणि ते पूर्ण कायदेशीर होतं.

## पण पेटंट एडिसनकडे होतं, म्हणजे तोच ना?

पेटंट म्हणजे शोधाची पावती नाही, दावा आहे, आणि दावा कोर्टात पाडता येतो. एडिसनला कॅमेऱ्याचं पेटंट १८९७ साली मिळालं आणि त्याने लगेच एकेका फिल्म कंपनीवर खटले भरायला सुरुवात केली. छोटे घाबरून बंद पडले. अमेरिकन म्युटोस्कोप ही कंपनी मात्र उभी राहून लढली, आणि ती उभारण्यात हात कोणाचा होता? डिक्सनचा! तो १८९५ मध्येच एडिसनला सोडून आला होता. याच खटल्यात १८९८ साली ल प्रिन्सचा मुलगा अडॉल्फ म्युटोस्कोपच्या बाजूने साक्षीला उभा राहिला, माझ्या वडिलांनी आधी केलं होतं म्हणून.

१९०१ मध्ये खालच्या कोर्टात एडिसन जिंकला. मार्च १९०२ मध्ये अपील कोर्टाने निकाल फिरवला, आणि स्पष्ट लिहिलं की एडिसन या क्षेत्राचा व्यापक अर्थाने आद्य प्रवर्तक नाही आणि फिल्मचा शोधही त्याचा नाही. म्हणजे बघा, एडिसनने सिनेमाचा शोध लावला नाही हे कुठल्या फ्रेंच देशभक्ताने म्हटलेलं नाही, अमेरिकेच्याच न्यायाधीशांनी म्हटलंय.

एडिसनने पेटंटचा मसुदा अरुंद करून पुन्हा काढून घेतला, खटले चालूच ठेवले, आणि १९०८ च्या डिसेंबरमध्ये शेवटी भांडणारे सगळे मोठे एकत्र येऊन एक ट्रस्ट केला. कॅमेरा, फिल्म, प्रोजेक्टर, सगळ्यावर यांची फी. थिएटरवाल्यानेही दर आठवड्याला पैसे भरायचे. जे बाहेर राहिले त्यांतले बरेच जण कॅलिफोर्नियाकडे सरकले (फक्त एडिसनच्या वकिलांच्या भीतीने असं म्हणणं जास्त होईल, तिकडे वर्षभर ऊन होतं आणि जागा स्वस्त होती, पण वकील तीन हजार मैल लांब असणं कोणाला नको असतं). १९१५ मध्ये कोर्टाने हा ट्रस्ट मक्तेदारीविरोधी कायद्याखाली बेकायदा ठरवला.

## ठीक, पण तिकीट लावून पडद्यावर पहिल्यांदा ल्युमिएरनीच दाखवलं ना?

नाही. हे तर सरळ तारखांनी दिसतं. न्यूयॉर्कमध्ये लॅथम बाप-लेकांनी २० मे १८९५ ला तिकीट लावून बॉक्सिंगची फिल्म पडद्यावर दाखवली. वॉशिंग्टनचे जेनकिन्स आणि आर्माट या दोघांनी त्याच वर्षी पावसाळा संपता संपता अटलांटाच्या प्रदर्शनात दाखवली (नंतर दोघं भांडले, आर्माटने हक्क विकले आणि ते यंत्र १८९६ मध्ये बाजारात आलं ते 'एडिसनचं व्हिटास्कोप' म्हणून, नाव विकलं जातं म्हणून). बर्लिनमध्ये स्क्लाडानोव्हस्की बंधूंनी १ नोव्हेंबर १८९५ ला दाखवली. आणि या सगळ्यांच्या आधी, १८९२ पासून, पॅरिसमध्येच एमिल रेनो हाताने रंगवलेल्या चित्रांच्या पट्ट्या पडद्यावर दाखवत होता.

ल्युमिएरचा २८ डिसेंबर १८९५ यानंतर येतो. ग्रँड कॅफेचं तळघर, तिकीट एक फ्रँक, पहिल्या दिवशी ३३ गिऱ्हाइकं, दहा छोट्या फिल्म. स्टेशनात शिरणारी गाडी बघून लोक पळाले ती गोष्ट तर त्या दिवसाची नाहीच, ती फिल्म त्या दहांत नव्हती. 'सिनेमॅटोग्राफ' हे त्यांच्या यंत्राचं नावसुद्धा दुसऱ्याचं, लिऑन बूली नावाच्या माणसाने १८९२ मध्ये आपल्या यंत्रासाठी नोंदवलेलं, त्याला पेटंटची फी भरायला जमलं नाही आणि ते मोकळं झालं.

मग ल्युमिएर एवढे मोठे का? कारण त्यांची वस्तू चालायची. एडिसनचा कॅमेरा हलवायला माणसं लागायची आणि वर वीज लागायची, ल्युमिएरची पेटी पाचेक किलोची, हाताने दांडा फिरवायचा, तीच फिल्म काढते, तीच छापते, तीच दाखवते. एक माणूस पेटी घेऊन बोटीत बसू शकत होता. आणि बसलाच, ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात, आजच्या काळा घोड्याजवळच्या त्या लोखंडी सांगाड्याच्या इमारतीत, शो झाला. पॅरिसनंतर जेमतेम सहा महिने! स्क्लाडानोव्हस्कींच्या यंत्रात दोन पट्ट्या आळीपाळीने चालायच्या, ते लटांबर घेऊन कोण मुंबईला येणार होतं?

## जेवढे देश तेवढे जनक

इंग्लंडचा जनक वेगळा, विल्यम फ्रीझ-ग्रीन. १८८९ चं पेटंट, त्यापायी दिवाळं, आणि १९२१ साली लंडनमध्ये सिनेमावाल्यांच्याच सभेत बोलून खाली बसला आणि गेला, खिशात निघाले एक शिलिंग दहा पेन्स. इंग्रजांनी त्याच्या थडग्यावर शोधक म्हणून लिहिलं. त्याच्या कॅमेऱ्याचा वेग मात्र हालचाल सलग दिसण्याइतका नव्हता, असं नंतर अभ्यासणाऱ्यांचं बहुतेक मत पडलं. जर्मनांनी स्क्लाडानोव्हस्की धरले, फ्रेंचांनी ल्युमिएर, अमेरिकनांनी एडिसन, आणि लीड्सकरांनी ल प्रिन्स.

आपण हसायचं कारण नाही, आपल्याकडेही हेच आहे. दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ ला गिरगावात कॉरोनेशनला लागला, फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' तिथेच ३ मे १९१३ ला. मग पहिला कोणता? फाळक्यांच्या बाजूचे म्हणतात, पुंडलिक म्हणजे कॅमेरा एका जागी ठेवून घेतलेलं नाटक, कॅमेरामन गोरा, फिल्म धुतली लंडनला. तोरण्यांच्या बाजूचे म्हणतात, तारीख बघा. आणि त्याच्याही आधी सावेदादा भाटवडेकरांनी १८९९ मध्ये मुंबईत कुस्ती चित्रित केली होती, कल्याणचे पटवर्धन १८९० च्या दशकात काचेवरची चित्रं कंदिलाने पडद्यावर टाकून गोष्टी सांगत फिरत होते, ती शांबरिक खरोलिका. तुम्ही रेषा कुठे ओढता त्यावर नाव बदलतं.

मला विचाराल तर एका भिंगाने पट्टीवर हलतं चित्र पहिलं पकडलं ल प्रिन्सने, त्याला चालणारं माप दिलं डिक्सनने, आणि ते जगभर पोचवलं ल्युमिएरनी. एडिसनचा हात पैसा, जागा आणि वकील पुरवण्यात मोठा, आणि तोही शेवटी हातच आहे, नाकारायचं कारण नाही.

## मग परीक्षेत काय लिहायचं?

प्रश्नात किनेटोस्कोप असेल तर एडिसन, सिनेमॅटोग्राफ असेल तर ल्युमिएर, इतकं बेधडक लिहा. नुसतं 'चलचित्राचा शोध कोणी लावला' असं विचारलं आणि पर्यायांत दोघंही दिले, तर पुस्तकात जे छापलंय तेच टिक करा, आणि आन्सर की मध्ये दुसरं आलं तर हरकत नोंदवा, सोबत जोडायला १९०२ चा निकाल आहेच.